मामा बदलता येतो, तिकिटावरचे नाव बदलत नाही

गेल्या आठवड्यात कचेरीतला एक सहकारी विमानाच्या तिकिटाची प्रत घेऊन माझ्या टेबलाशी आला. वडिलांना घेऊन बेंगळुरूला जायचे होते, वडिलांनी अंथरूण धरले, आता त्यांच्या जागी आईला न्यावे म्हणतो. "तुझा हात टिपण्या लिहिण्यात बसलेला आहे, तेवढा एक चांगलासा अर्ज लिहून दे. नावच तर बदलायचे आहे," तो म्हणाला. मी त्याला बसवले, चहा मागवला आणि सांगितले, बाबा रे, असला अर्ज मी एकदा लिहून पाहिलेला आहे. तो कुठेच पोचत नाही. त्याला ते पटेना. मग चहा संपेपर्यंत मी त्याला माझी २०१९ सालची हकिगत सांगितली. आज तीच तुमच्यापुढे ठेवतो. पुष्कळ घरांत असे घडलेले असेल आणि पुष्कळांनी माझ्यासारखेच कपाळाला हात लावून पैसे भरले असतील.

आमची ताई लग्न होऊन इंदूरला गेली. होळकरांच्या काळापासून तिथे वस्ती करून राहिलेले मराठी घर. तिच्या मुलीचे लग्न २४ एप्रिल २०१९ रोजी ठरले. भाचीचे लग्न म्हटल्यावर मामाशिवाय पान हलत नाही हे तुम्हांला सांगायला नको. मुलीला मांडवात आणायचे ते मामाने, अंतरपाटाआड तिच्या पाठीशी उभे राहायचे तेही मामाने. मी थोरला मामा. धाकटा भाऊ घरी थांबणार होता, कारण घरात देव आहेत, दारात गाय आहे आणि एप्रिल म्हणजे काजूचे दिवस. बिया वेळच्या वेळी गोळा केल्या नाहीत तर वर्षाचे उत्पन्न मातीत जाते. फेब्रुवारीतच मी चार तिकिटे काढली: आई, मी, बायको आणि मुलगा. २२ एप्रिलला दाबोळीहून मुंबई, तिथे विमान बदलून इंदूर. माणशी ५,१४० रुपये. परतीला मात्र आगगाडी. इंदूरहून मुंबईपर्यंत अवंतिका एक्स्प्रेस आणि पुढे कोकण रेल्वे. आईला विमानाची हौस होती, ती एका बाजूने फिटणार होती. दोन्ही बाजूंनी फेडण्याइतका कारकुनाचा पगार नसतो.

१० मार्चला निवडणूक आयोगाने लोकसभेचे वेळापत्रक जाहीर केले. गोव्याचे मतदान २३ एप्रिलला! त्याच दिवशी शिरोडा, म्हापसा आणि मांद्रे इथल्या पोटनिवडणुकाही होत्या. सरकारी नोकराला निवडणुकीचे काम टळत नसते, तरी मनात आशा होती की यंदा आपले नाव सुटेल. महिनाअखेरीस हुकूम हातात पडला. मतदान अधिकारी म्हणून नेमणूक, अमुक दिवशी प्रशिक्षण, २२ तारखेला साहित्य ताब्यात घेणे, २३ ला मतदान. साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, स्वतःचे लग्न असते तर काही बोलता आले असते. भाचीच्या लग्नावर काय लिहू? तेही बरोबरच होते. हा हुकूम लोकप्रतिनिधित्व कायद्याखालचा, त्यात रजेचा अर्ज चालत नाही.

घरी येऊन सांगितले. बायको गप्प झाली. आईने क्षणभर विचार केला आणि धाकट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "तर मागीर तो वचूं दी. तोय मामाच न्हय?" झाले! पाच मिनिटांत प्रश्न सुटला. भाऊ मामा म्हणून जाईल, मी घरी राहीन. काजूच्या बियांचे मी सकाळ-संध्याकाळ पाहीन आणि मतदानाचे दोन दिवस शेजारचे सांभाळून घेतील. ताईला फोन केला, तिलाही काही वाटले नाही. कोणत्या भावाने मुलीचा हात धरायचा हे आमच्या रीतीत लिहिलेले नाही. भाऊ पाहिजे, एवढेच.

राहिले होते फक्त तिकिटावरचे नाव.

विमान कंपनीच्या दूरध्वनी केंद्रावर बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. अतिशय गोड आवाजात तिने सांगितले की नाव बदलता येणार नाही. मी म्हटले, आडनाव तेच आहे, वडिलांचे नाव तेच आहे, घरचा पत्ता तोच आहे. ती म्हणाली, सर, तिकीट अहस्तांतरणीय आहे. मी म्हटले, जादा शुल्क घ्या. ती म्हणाली, शुल्काचा प्रश्नच नाही, ही सोयच नाही. तारीख बदलायची असली तर बदलून मिळेल, शुल्क आणि भाड्यातला फरक भरावा लागेल. रद्द करायचे असले तर रद्द होईल. मग मी विचारले, तिकीट रद्द केल्यावर त्या जागेचे काय? "ती विक्रीला जाईल सर." मग तीच जागा माझ्या भावाला मिळेल का? "हो सर, आजच्या दराने."

आजचा दर ११,६०० रुपये होता.

हिशेब मांडतो, कारण हिशेब मांडल्याशिवाय आमच्यासारख्यांना दुखणे कळत नाही. माझ्या तिकिटाचे ५,१४० गेले, रद्द केल्यावर करांचे आणि विमानतळ शुल्काचे मिळून १,०१२ रुपये परत आले. भावाचे तिकीट ११,६०० चे. म्हणजे गोव्याहून इंदूरला एका माणसाला पोचवायला घरातून १५,७२८ रुपये गेले. विमान तेच, दिवस तोच, जाणारा माणूस एकच. रिकामी झालेली माझी जागा आईच्या शेजारची होती. भावाला मिळाली ती पार मागची. मुंबईहून विमान सुटले तरी आईच्या शेजारी कोणी आले नाही, तेव्हा तिने तिथे खाज्यांची पिशवी ठेवली. हवाई सुंदरीने पिशवी खाली ठेवायला सांगितली, आईने तिला आपल्या मोडक्या हिंदीत सगळी कथा ऐकवली, आणि त्या भल्या मुलीने मागे जाऊन माझ्या भावाला पुढे आणून बसवले. म्हणजे शेवटी भाऊ माझ्याच जागेवर बसून इंदूरला उतरला. जी गोष्ट विमानातल्या एका मुलीला दोन मिनिटांत समजली, ती कंपनीच्या नियमाला तीन आठवडे आधी सांगूनही समजली नव्हती.

आता याच प्रवासाची दुसरी बाजू पाहा. परतीच्या दोन्ही गाड्यांत माझ्या नावावर पक्का बर्थ होता. मी मडगाव स्थानकावरच्या आरक्षण केंद्रात गेलो, साध्या कागदावर अर्ज लिहिला, सोबत तिकिटे, दोघांची ओळखपत्रे आणि भाऊ असल्याचा पुरावा म्हणून रेशनकार्डाची प्रत जोडली. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले, पर्यवेक्षकांची सही आणली आणि माझे नाव खोडून भावाचे नाव घातले. अर्ध्या तासात काम झाले. ज्या रेल्वेला आपण ऊठसूट नावे ठेवतो, त्या रेल्वेने भावाच्या जागी भाऊ मान्य केला.

हे त्या बाईंचे उपकार नव्हते, नियमच तसा आहे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ५३ मध्ये पहिल्याच वाक्यात म्हटले आहे की ज्याच्या नावाचे तिकीट, त्यानेच ते वापरायचे. दुसऱ्याला विकले तर शिक्षाही आहे. पण त्याच कलमात पुढे अशी तरतूद आहे की अधिकार दिलेला रेल्वे कर्मचारी ठरावीक परिस्थितीत नाव बदलायला परवानगी देऊ शकतो. ती परिस्थिती कोणती, तेही ठरवून दिले आहे. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा, बायको यांच्यापैकी कोणाच्या नावावर तिकीट करायचे असेल तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी लेखी अर्ज करावा. सरकारी कामावर निघालेल्या नोकराच्या जागी दुसरा नोकर जायचा असेल तरी २४ तास. विद्यार्थ्यांचा गट किंवा लग्नाचे वऱ्हाड असेल तर ४८ तास. बदल एकदाच, पुन्हा पुन्हा नाही. वऱ्हाडाचा विचार कायद्याच्या पोटात करणारा तो कोण अधिकारी असेल, त्याला माझा नमस्कार. त्याने एखादे तरी लग्न जवळून पाहिलेले असणार.

असो. आता विमान कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर हा लेख नुसता रागाचा होईल.

तिकीट दुसऱ्याला देता येत नाही याचे कारण विचारले की पहिले उत्तर मिळते, सुरक्षा. हे उत्तर मला पटत नाही. विमानतळाच्या दारात जवान तिकीट आणि ओळखपत्र ताडून पाहतो, ते प्रवासाच्या दिवशी. विमान सुटायच्या काही तास आधी कोणीही अनोळखी माणूस नवे तिकीट काढून त्याच दारातून आत जाऊ शकतो. त्याने सुरक्षेला बाध येत नाही. मग तीन आठवडे आधी यादीत एका भावाच्या जागी दुसऱ्या भावाचे नाव आले तर कसा येईल? दारात जो उभा राहील त्याच्या नावाचे ओळखपत्र आणि त्याच्या नावाचे तिकीट, एवढेच पाहायचे असते.

खरे कारण पैशाचे आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. १९७८ साली अमेरिकेत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले. पुढे पीपल एक्स्प्रेस नावाच्या स्वस्त कंपनीशी टक्कर देताना १९८५ साली अमेरिकन एअरलाइन्सने एक युक्ती पद्धतशीर अमलात आणली. जो पुष्कळ दिवस आधी तिकीट घेईल त्याला ते अतिशय स्वस्त, पण रद्द केल्यास परतावा नाही. जो शेवटच्या क्षणी घेईल त्याला महाग. सुट्टीवर जाणारा आधी ठरवतो, धंद्यासाठी जाणारा ऐनवेळी निघतो. पहिल्याकडून थोडे घ्यायचे, दुसऱ्याकडून जास्त. आज जगभर विमानाची भाडी याच तत्त्वावर चालतात. पण तिकिटे हातोहात विकता आली तर काय होईल? कोणीतरी दलाल तीन महिने आधी शंभर स्वस्त तिकिटे उचलील आणि शेवटच्या आठवड्यात चढ्या भावाने विकील. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात ओळखपत्र पाहत नसत तेव्हा न वापरलेली तिकिटे वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिरातींतून विकली जात. १९९० च्या दशकाच्या मध्यात ओळखपत्राची सक्ती झाली आणि तो बाजार बसला.

आपल्याकडेही स्वस्त तिकिटाचा लाभ आपण घेतलेला आहे, हे कबूल करायला हवे. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली, एक रुपयाच्या तिकिटांची चर्चा झाली, आणि विमान हे साहेबलोकांचे वाहन आहे ही समजूत मोडली. माझ्यासारखा कारकून आईला विमानात बसवू शकतो तो या आगाऊ स्वस्त तिकिटांमुळेच. तेव्हा दलालाला दार बंद ठेवा, याला माझी ना नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की दलाल आणि भाऊ यांत फरक करता येतो. रेल्वेने तो केला. रेल्वेतला तिकिटांचा काळाबाजार लहान आहे असे कोणी म्हणणार नाही. सुट्टीच्या हंगामात कोकण रेल्वेचे तिकीट काढून पाहिलेल्याला विचारा. इतका मोठा रोग अंगावर असूनही रेल्वेने घरच्या माणसासाठी एक खिडकी उघडी ठेवली, पुरावा मागितला, मुदत घातली, एकदाच असे म्हटले आणि प्रश्न मिटवला. विमानाच्या तिकिटाला तर संगणकावर नाव, वय, मोबाइल क्रमांक सगळे जोडलेले असते. तिथे हे अधिक सोपे आहे.

कोणी म्हणेल, तुम्ही स्वस्तातले तिकीट घेतलेत, महागातले लवचीक तिकीट घ्यायचे होते. ही शंका मलाही होती म्हणून मी चौकशी केली. जास्त पैसे भरून जी लवचीकता मिळत होती ती तारखेची होती, रद्द करण्याची होती. नावाची नव्हती. दुप्पट भरले असते तरी भाऊ त्या तिकिटावर गेला नसता.

बाहेरच्या देशांत सगळीकडे असे नाही. आपले जे गोंयकार इंग्लंडला स्विंडनमध्ये किंवा लंडनच्या आसपास स्थायिक झाले आहेत, त्यांना रायनएअर आणि इझीजेट या कंपन्या ठाऊक असतील. स्वस्त म्हणून प्रसिद्ध आणि दर गोष्टीला शुल्क लावणाऱ्या. पण शुल्क भरून तिकिटावरचे नाव संपूर्ण बदलण्याची सोय त्या देतात. शुल्क जबर असते, कधी मूळ तिकिटाहून जास्त. तरीही दार आहे. युरोपीय संघाने २०१५ साली सहलींच्या पॅकेजबाबत जो निर्देश काढला, त्यात तर प्रवाशाचा हक्कच मान्य केला आहे: निघण्याच्या सात दिवस आधी कळवले तर तुमची सहल दुसऱ्या माणसाच्या नावावर करून द्यावी लागते, खरा येणारा खर्च मात्र तुम्ही द्यायचा. तिथल्या कंपन्या यामुळे बुडालेल्या नाहीत.

नावाचा विषय निघालाच आहे तर आपल्या गोव्याची एक खास अडचण सांगतो. कचेरीत मी रोज नावे पाहतो. एकाच घराण्याचे आडनाव पोर्तुगीज काळच्या दस्तऐवजात एका तऱ्हेने, एक-चौदाच्या उताऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेने आणि आधारकार्डावर तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. नाईक हे इंग्रजी चार अक्षरांत लिहिणारे आहेत, तसे 'क्यू' वापरून सहा अक्षरांत लिहिणारेही आहेत. कामतांचे कामोटिम, प्रभूंचे पोरोब, शेणवींचे सिनाय. देसाई तर एक 'एस'चे आणि दोन 'एस'चे. लग्नानंतर बायकांची नावे बदलतात, ती काही कागदांवर बदलतात आणि काहींवर तशीच राहतात. अशा आपल्या समाजात तिकिटावर नाव लिहिताना चूक होणे अगदी साहजिक आहे. त्यावर निदान काही उपाय आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट काढलेल्या तिकिटावरचे नाव २४ तासांच्या आत दुरुस्त करायला जादा शुल्क घेता येत नाही. पण ही दुरुस्ती आहे, बदल नव्हे. नाईकचे 'क्यू'वाले नाईक होतील. थोरल्या नाईकांचे धाकटे नाईक होणार नाहीत.

तेव्हा नियम बदलेपर्यंत आपण काय करायचे? त्या सहकाऱ्याला जे सांगितले तेच इथे लिहितो.

तिकीट काढल्याबरोबर, त्याच दिवशी, ओळखपत्र समोर धरून प्रत्येक अक्षर ताडून पाहा. ऐनवेळी काढलेले नसेल तर बेत फिरवायलाही थोडी सवड असते. २०१६ च्या नियमांत ती २४ तासांची होती, प्रवास किमान सात दिवस पुढे असला पाहिजे अशी अट होती, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती ४८ तास करण्याचा मसुदा निघाला. तुम्ही तिकीट काढाल तेव्हा लागू असलेली मुदत वाचून घ्या. जाणे नक्की रहित झाले असेल तर तिकीट तसेच टाकून देऊ नका. मूळ भाडे बुडाले तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के परत मिळाली पाहिजेत, स्वस्त योजनेतल्या तिकिटालाही, आणि विमान चुकले असले तरीही. पुष्कळ लोक हे मागतच नाहीत. परताव्याऐवजी कंपनी पुढच्या प्रवासासाठी जमा रक्कम देऊ करते. ती घ्यायची की रोख घ्यायचे, हे ठरवणारे तुम्ही. एजंटाकडून तिकीट घेतले असले तरी परताव्याची जबाबदारी कंपनीवरच आहे. एकाच क्रमांकावर चार माणसांची तिकिटे असतील आणि एकाचेच जाणे रहित झाले असेल, तर चारही रद्द न करता त्या एकाला वेगळे काढून घ्या. दाद लागली नाही तर मंत्रालयाच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर लेखी तक्रार नोंदवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचे, परीक्षा देणाऱ्या मुलाचे किंवा निवडणुकीच्या वर्षात सरकारी नोकराचे तिकीट तीन महिने आधी काढताना दोनदा विचार करा. हा शेवटचा धडा मी १५,७२८ रुपये देऊन शिकलो आहे.

पण हे सगळे उपाय नुकसान कमी करण्याचे झाले. मूळ प्रश्न तसाच राहतो. २०२५ च्या त्या मसुद्यात वैद्यकीय अडचणीचा उल्लेख आहे, ही चांगली गोष्ट. मात्र एका माणसाच्या जागी घरातले दुसरे माणूस, हे कलम मला त्यात दिसले नाही. म्हणून कारकुनाच्या सवयीने माझी टिपणी सादर करतो. देशांतर्गत विमानाचे पक्के तिकीट आई, वडील, भाऊ, बहीण, मुले किंवा पती-पत्नी यांच्यापैकी कोणाच्या नावावर एकदाच बदलून द्यावे. अर्ज प्रवासाच्या ४८ तास आधी करावा. नात्याचा पुरावा जोडावा. त्या कामाला खरोखर जो खर्च येतो तेवढे शुल्क घ्यावे, आजच्या भाड्याचा फरक घेऊ नये. खोटा पुरावा दिल्यास तिकीट जप्त करावे. पाच ओळी आहेत. दलालाला यातून काही मिळत नाही, कारण त्याला दर गिऱ्हाइकाशी भाऊपणाचा कागद दाखवावा लागेल.

कंपन्या म्हणतील, यात आमचे उत्पन्न बुडते. काय बुडते ते नीट पाहू. माझ्या जागेचे पैसे त्यांना फेब्रुवारीतच मिळालेले होते. भावाकडून त्यांना जे जास्तीचे मिळाले ते कोणत्याही सेवेचे नव्हते. निवडणूक आयोगाने मला बोलावले आणि भाचीच्या मागे मामा उभा राहिला पाहिजे, या दोन गोष्टींच्या कात्रीत आम्ही सापडलो होतो. त्या कात्रीचे ते भाडे होते. असे उत्पन्न बुडाले तर बुडू द्यावे.

आपल्या गावांत आमंत्रण घराला असते. जत्रेच्या मानाला, गावच्या बैठकीला, मर्तिकाला, लग्नाला घरटी एक माणूस गेला पाहिजे. बाप नाही तर मुलगा, थोरला नाही तर धाकटा. त्यात कोणाला फसवणूक दिसत नाही. रेल्वेच्या नियमात ही समज उतरली आहे, विमानाच्या नियमात ती अजून उतरायची आहे. विमानातून जाणारी माणसेही घरांतलीच आहेत. आज गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. बेंगळुरू, पुणे, मुंबईला नोकरीसाठी गेलेली आपली मुले चवथीला आणि लग्नकार्याला विमानाने येऊ-जाऊ लागली आहेत. ज्या घरात आजवर हा प्रश्न आला नसेल त्या घरात तो येईल.

सहकाऱ्याचा चहा संपला होता. त्याने विचारले, "मग अर्ज लिहायचाच नाही?" मी म्हटले, लिहू या की. कंपनीला करांच्या परताव्याचा एक आणि महासंचालनालयाला नियम बदला म्हणून दुसरा. पहिल्याने थोडे पैसे येतील. दुसऱ्याने लगेच काही होणार नाही, पण असे अर्ज टेबलावर साचत गेले की कधीतरी कोणीतरी त्यांची फाइल उघडतो, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिले आहे. दोन्ही अर्ज त्याच दिवशी गेले. तुमच्याही घरी असे झाले असेल तर तुम्हीही एक लिहा.